‘घट’ नावाचा रकाना : वस्तुमान अक्षय्यतेच्या प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

नववीच्या चार विद्यार्थ्यांच्या गटाचा यंदाचा विज्ञान प्रकल्प आज निश्चित केला. आमची शाळा चोपडा तालुक्यात, तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. गटातील दोघांच्या घरी केळीचे बाग आहेत, एकाकडे कापूस आहे आणि एका मुलीच्या वडिलांचे किराणा दुकान आहे. विषय पाठ्यपुस्तकातलाच घेतला आहे: रासायनिक अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांचे एकूण वस्तुमान आणि तयार झालेल्या पदार्थांचे एकूण वस्तुमान सारखेच असते. हे वाक्य चौघांनाही तोंडपाठ आहे, आणि म्हणूनच ते त्यांना खरोखर पटले आहे का, हे आधी विचारून पाहावे असे वाटले.

प्रश्न साधा होता. पेल्यातल्या खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले, सगळे फसफसून शांत झाले आणि पेला पुन्हा काट्यावर ठेवला, तर वजन किती भरेल? तिघे म्हणाले, कमी भरेल, कारण फेस उडून जातो. चौथा, नोंदी लिहिणारा मुलगा, म्हणाला की तेवढेच भरेल, कारण नियम तसा आहे. आणि समजा कमी भरले तर? यावर त्याने क्षणभर विचार करून उत्तर दिले, ‘मॅडम, मग तेवढी घट धरायची.’

हा शब्द त्याच्याकडे जिनिंगमधून आलेला आहे. कापसातून सरकी काढली की रुई आणि सरकी यांची बेरीज मूळ कापसाइतकी येत नाही. ओल, माती, पाचोळा आणि उडालेला तंतू यांचा फरक ‘घट’ म्हणून लिहिला जातो आणि हिशेब मिटतो. व्यापारात हे योग्यच आहे. परंतु रसायनशास्त्र ज्या क्षणी सुरू झाले तो क्षण बहुधा हाच असावा, की कोणीतरी ही घट नुसती लिहून न ठेवता ती शोधायला निघाले. म्हणून आम्ही ठरवले की आमच्या तक्त्यात ‘घट’ हा रकाना राहील, पण त्यातला प्रत्येक आकडा तात्पुरता असेल, आणि तो कुठे गेला हे दाखवता येईपर्यंत तो प्रयोग संपला असे धरायचे नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

शाळेकडे पाचशे ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे. पाच रुपयांचे २०११ च्या मालिकेतले नाणे सहा ग्रॅमचे असते, म्हणून अशी दहा नाणी एकेक करून आणि मग एकत्र तोलून पाहिली. काटा विश्वासार्ह वाटला. पंखा चालू असताना मात्र शेवटचा आकडा स्थिर राहत नाही. सराफाच्या दुकानात काटा काचेच्या पेटीत का असतो, हे काटा सांभाळणाऱ्या मुलीने कोणी न विचारता सांगितले. आम्हीही पुठ्ठ्याच्या खोक्याची तीन बाजूंनी आडोसा देणारी पेटी केली.

५ डिसेंबर, गुरुवार

सुरुवात अशा अभिक्रियेने केली जिच्यातून काहीच बाहेर जात नाही. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण, म्हणजे पिकांवर फवारायचे बुरशीनाशक, इथल्या शेतकऱ्यांना नवे नाही. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे प्रमाण गटातल्या एका मुलाला माहीत होते. आम्ही एका चंचुपात्रात मोरचुदाचे निळे द्रावण आणि दुसऱ्यात चुन्याचे पाणी घेतले, दोन्ही पात्रे एकत्र काट्यावर ठेवून वजन लिहिले आणि मग एक दुसऱ्यात ओतले. गडद निळा रंग जाऊन फिकट आकाशी गढूळ अवक्षेप तयार झाला. रंग बदलला, विरघळलेल्या पदार्थातून न विरघळणारा पदार्थ झाला, म्हणजे अभिक्रिया झाली याविषयी शंका नव्हती. आधीचे वजन २१४.३६ ग्रॅम आणि नंतरचे २१४.३५ ग्रॅम.

पहिल्या प्रयत्नात मात्र फरक १.१२ ग्रॅम आला होता, कारण रिकामे झालेले पात्र परत काट्यावर ठेवताना ते आधी विसळून पुसले गेले. त्याच्या तळाशी आणि कडांना चिकटलेले थेंब हेही अभिक्रियेच्या हिशेबातले होते. ही चूक मोलाची ठरली, कारण ‘काय मोजायचे’ यापेक्षा ‘कोणत्या कुंपणाच्या आतले मोजायचे’ हा प्रश्न मुलांना पहिल्यांदा दिसला. मोरचूद विषारी असल्याने हातमोजे घातले होते. शेतकरी फवारणीआधी मिश्रणात लोखंडी खिळा बुडवतात आणि त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतात. तो थर म्हणजे लोखंडाने द्रावणातून बाहेर काढलेले तांबे, म्हणजेच स्वतंत्र अभिक्रिया, हेही आज करून पाहिले.

८ डिसेंबर, रविवार

काल चंपाषष्ठी झाली. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे पुन्हा ताटात आले आणि आज गटातल्या एका मुलाच्या शेतावर भरिताचा बेत ठरला. खानदेशात भरिताची वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळलेल्या काड्यांवर भाजतात, तव्यावर किंवा गॅसवर नाही, आणि त्या काड्या क्षणात पेटून भराभर जळतात. मुलांनी आधीच घरचा मोठा तराजू आणून ठेवला होता. काड्या ८ किलो तोलल्या. जाळ विझून राख पूर्ण थंड झाल्यावर, जमिनीवर अंथरलेल्या पत्र्यावरून ती गोळा केली, तेव्हा अर्धवट जळलेल्या कोळशासकट ती ३४० ग्रॅम भरली.

मुलाचे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते शेजारी बसून हे पाहत होते. ‘बाई, आठ किलो काड्या जळन्यात, आनि राख इतलीच! बाकीनं कोठे गयं?’ असे त्यांनी विचारले आणि स्वतःच उत्तर दिले, ‘धूर व्हईसन उडी गयं.’ हे उत्तर निम्मे बरोबर आहे, आणि निम्मे असे आहे की ते कळले तर माणूस थक्क होतो. काडीचा मोठा भाग सेल्युलोजचा असतो. पाठ्यपुस्तकातल्या अणुवस्तुमानांनी मांडले तर १६२ ग्रॅम सेल्युलोज जळताना हवेतला १९२ ग्रॅम ऑक्सिजन घेते आणि २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ९० ग्रॅम पाण्याची वाफ तयार होते. दोन्ही बाजूंची बेरीज ३५४. म्हणजे एक किलो काडी जळून जे हवेत जाते ते एक किलोपेक्षा कमी नसून दोन किलोंहून अधिक असते, कारण जाताना ते हवेतला ऑक्सिजन बरोबर घेऊन जाते. आबांना हे सांगितल्यावर त्यांनी चुलीकडे बराच वेळ पाहिले.

सतराव्या शतकातील फ्लेमिश वैद्य व्हान हेल्माँट यांनी ६२ पौंड कोळसा जाळून एक पौंड राख मिळवली होती आणि उरलेल्या ६१ पौंडांना ‘गॅस’ हे नाव दिले होते. आपण आज सिलिंडरसाठी वापरतो तो शब्द त्यांचाच आहे. आबांचा प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एकच होता, असे मी मुलांना सांगितले.

जेवताना, कळण्याची भाकरी हातात असताना, एकाने विचारले की जाळात जी उष्णता गेली तिलाही वजन असते का. प्रश्न उत्तम आहे. आइन्स्टाइन यांच्या १९०५ मधल्या मांडणीनुसार ऊर्जा बाहेर गेली की वस्तुमानही जाते, पण आठ किलो काड्यांच्या जाळासाठी ते एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्या आसपास येते. रासायनिक अभिक्रियेत हा फरक कोणत्याही नेहमीच्या काट्यावर दिसत नाही, म्हणून नियम आपल्या कामापुरता पक्का आहे.

११ डिसेंबर, बुधवार

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर, उघड्या बाटलीत. सोडा ४.२० ग्रॅम, व्हिनेगर १०० मिलिलिटर, बाटली अर्धा लिटरची. किती वजन कमी व्हावे, हे प्रयोगाआधी कागदावर काढायचे असा आग्रह धरला, कारण आधी अंदाज न बांधता मोजले की कोणताही आकडा पटतो.

समीकरण संतुलित आहे का हे तपासण्यासाठी मुलांनी धान्य घेतले: कार्बनला मूग, हायड्रोजनला ज्वारी, ऑक्सिजनला हरभरा आणि सोडियमला शेंगदाणा. सोड्याच्या एका रेणूत एक शेंगदाणा, एक ज्वारी, एक मूग आणि तीन हरभरे. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या रेणूत दोन मूग, चार ज्वारीचे दाणे आणि दोन हरभरे. हेच बारा-चौदा दाणे सरकवून त्यांनी सोडियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा तीन ढिगांत मांडले. एकही दाणा नवा लागला नाही आणि एकही उरला नाही: तीन मूग, पाच ज्वारी, पाच हरभरे, एक शेंगदाणा, दोन्हीकडे. अभिक्रिया म्हणजे अणूंची फेरमांडणी, हे वाक्य मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. आज ते मुलांच्या बोटांखाली घडताना पाहिले.

८४ ग्रॅम सोड्यापासून ४४ ग्रॅम वायू मिळतो, तेव्हा ४.२० ग्रॅमपासून २.२० ग्रॅम मिळायला हवा. काट्याने दाखवलेली घट १.८० ग्रॅम. म्हणजे अपेक्षेपेक्षाही ०.४० ग्रॅम कमी. रकान्यात आता दोन आकडे झाले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

हे ०.४० ग्रॅम बाटलीतच आहेत, असे किराणा दुकानातल्या मुलीचे म्हणणे होते. आज प्रयोग पुन्हा केला, घट पुन्हा १.८० आली, आणि फसफस थांबल्यानंतर पेटती उदबत्ती बाटलीच्या तोंडातून थोडी आत नेली. ती लगेच विझली. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने तो बाटलीत साचून बसला होता आणि हवेची जागा त्याने घेतली होती. बाटली हलकेच दाबून सोडत तो वायू बाहेर काढला, तेव्हा वजन आणखी ०.२४ ग्रॅमने उतरले. मग बाटली गोल फिरवली. तळाच्या द्रावणातून पुन्हा बुडबुडे आले आणि ०.०९ ग्रॅम गेले. एकूण २.१३. उरलेले ०.०७ ग्रॅम पाण्यात विरघळून राहिले असावेत, कारण साध्या तापमानाला एक लिटर पाणी सुमारे दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळवून ठेवू शकते, आणि सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडताना जे दिसते ते याच कारणाने.

बाहेर पडणारा वायू एका नळीने चुन्याच्या निवळीत सोडला. निवळी दुधासारखी झाली, म्हणजे तो कार्बन डायऑक्साइडच होता.

१६ डिसेंबर, सोमवार

आजचा दिवस कठीण गेला. वायू बाहेरच जाऊ द्यायचा नाही, म्हणून सोडा फुग्यात भरला, फुगा बाटलीच्या तोंडावर दोऱ्याने घट्ट बांधला, सगळे एकत्र तोलले आणि मग फुगा उभा करून सोडा आत सांडला. फुगा नारळाएवढा फुगला. काहीच बाहेर गेले नाही, तेव्हा वजन तेवढेच राहायला हवे होते. काट्याने १.३१ ग्रॅम कमी दाखवले.

मी लगेच सांगून टाकले की दोऱ्याच्या गाठीतून वायू गळत असणार. मुलांनी गाठीभोवती साबणाचे पाणी लावले. एकही बुडबुडा आला नाही. फुग्याचा घेर अर्ध्या तासात बदलला नाही, आणि वजनही त्यानंतर उतरले नाही, १.३१ वरच थांबले. गळती असती तर वजन उतरत राहिले असते. माझे स्पष्टीकरण चुकीचे होते आणि ते मी वर्गासमोर मागे घेतले. नोंदी लिहिणाऱ्या मुलाने रकान्यात आकडा लिहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर नियमाविषयीच शंका दिसत होती.

१७ डिसेंबर, मंगळवार

रात्री उशिरा लक्षात आले. फुगण्यापूर्वी आणि फुगल्यानंतर बाटलीतल्या पदार्थाचे वस्तुमान तेच आहे, पण ती सगळी वस्तू हवेत व्यापत असलेली जागा वाढली आहे, आणि जी वस्तू हवा बाजूला सारते तिला ती हवा तेवढ्या वजनाच्या जोराने वर ढकलते. आर्किमिडीजचे तत्त्व आपण पाण्यापुरते शिकवतो. हवेला ते तेवढेच लागू आहे.

वर्गात सुरुवात विहिरीपासून केली. भरलेली बादली पाण्याच्या आत असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की एकदम हाताला जड होते. बादलीतले पाणी तेवढेच असते. आपण सगळे हवेच्या विहिरीच्या तळाशी राहतो, एवढे सांगितल्यावर काटा सांभाळणारी मुलगी म्हणाली, ‘म्हणजे फुग्याला हवेने उचलून धरलं?’ मग ते मोजायलाच हवे होते. कालचाच प्रयोग पुन्हा केला. फुग्याचा घेर दोऱ्याने मोजला, तो ४०.५ सेंटिमीटर आला. फुगा गोल धरला तर आकारमान सुमारे १.१२ लिटर. आमचे गाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि आजच्या दुपारी खोलीत २५ अंश तापमान होते. अशा हवेच्या एका लिटरचे वस्तुमान जवळपास १.१६ ग्रॅम असते. गुणाकार १.३० ग्रॅम. काट्याची घट आजही १.३१.

वर्गात काही काळ कोणीच बोलले नाही. हा आकडा पुस्तकात नव्हता, कोणी सांगितला नव्हता, आणि तो दोऱ्याने मोजलेल्या घेरातून निघाला होता. फुग्याचा प्रयोग अनेक ठिकाणी याच नियमाचा पुरावा म्हणून करून दाखवतात. काटा भरड असला तर फरक दिसत नाही आणि सगळे समाधानी होतात. आमचा काटा बारीक निघाला हे आमचे भाग्य.

१९ डिसेंबर, गुरुवार

आता फुगणारे भांडे नको, म्हणून शीतपेयाची जाड प्लास्टिकची अर्ध्या लिटरची बाटली घेतली. इथे मात्र प्रमाण मी स्वतः ठरवले आणि ते कोणी वाढवायचे नाही असे बजावले, कारण बंद बाटलीत वायू साठला की दाब वाढतो. काचेची बाटली तर अशा कामाला मुळीच वापरू नये. सोडा ०.८४ ग्रॅम, व्हिनेगर २० मिलिलिटर. एवढ्याने आतला दाब बाहेरच्या सुमारे दीडपट होतो आणि ही बाटली तो सहज सोसते.

सोडा कागदी पुडीत घालून आत सोडला आणि झाकण लगेच आवळले. सुरुवातीचे वजन ४६.५२ ग्रॅम. फसफस संपली, बाटली दगडासारखी ताठ झाली. वजन ४६.५२ ग्रॅम. तीनदा उचलून ठेवून पाहिले, तिन्ही वेळा तेच. मग काट्यावरच झाकण सैल केले, फुस्स आवाज आला आणि आकडा ४६.२१ वर आला. वायूला वजन असते हे आजवर मुलांनी लिहिले होते. आज ते त्यांनी ऐकले आणि लगोलग आकड्यात पाहिले.

२० डिसेंबर, शुक्रवार

कळीचा चुना आणि पाणी. चष्मे लावून, दुरून. वीस ग्रॅम चुन्यावर साठ मिलिलिटर पाणी हळूहळू ओतताच स्टीलचा डबा हात लावू देईना आणि वाफ निघाली, घट २.९० ग्रॅम. सैल झाकण ठेवून पुन्हा केले आणि झाकणाला आतून लागलेले पाणी हिशेबात धरले, तेव्हा घट ०.३४. बाकीची वाफ होती हे उघड असल्याने यावर जास्त वेळ घालवला नाही.

मात्र विरी गेलेल्या या चुन्यातून एक जुना प्रश्न निघाला. घराला चुन्याचा रंग दिला की पहिल्या दिवशी तो हाताला लागतो आणि काही आठवड्यांनी लागत नाही. विरी गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो. ७४ ग्रॅमचे १०० ग्रॅम होतात, आणि पाणी मोकळे होते. म्हणजे भिंत जड होते. हे काट्यावर दिसेल का? विरी गेलेला चुना उन्हात वाळवून १०.०० ग्रॅम एका पसरट बशीत घेतला आणि बशी वर्गाच्या खिडकीत ठेवली. इथली हिवाळ्यातली हवा कोरडी असते आणि ही अभिक्रिया ओलाव्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून दर दोन दिवसांनी पाणी शिंपडायचे आणि तोलण्याआधी पूर्ण वाळवायचे.

२८ डिसेंबर, शनिवार

आज प्रयोग नाही. मुलांना नियमाचा इतिहास सांगितला, कारण आमच्या चुकांना त्यात सोबती आहेत.

रॉबर्ट बॉइल यांनी १६७३ मध्ये लिहिले की बंद काचपात्रात धातू तापवला तरी त्याचे वजन वाढते, आणि अग्नीचे सूक्ष्म कण काचेतून आत शिरतात असा त्यांनी अर्थ लावला. पण त्यांनी पात्र तोलण्यापूर्वी उघडले होते, आणि उघडताना बाहेरची हवा आत शिरली होती. रशियातील लोमोनोसोव यांनी १७५६ मध्ये तेच पुन्हा केले, बाहेरची हवा आत येऊ दिली नाही, आणि वजन बदलले नाही. फ्रान्समधील लाव्हाझिए यांनी १७७४ मध्ये कथील बंद पात्रात तापवले, पात्र न उघडता तोलले, फरक नव्हता. मग उघडले, हवा आत घुसली, आणि वजन जितके वाढले तितकेच कथिलाचेही वाढलेले होते. १७८९ मध्ये त्यांनी आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात हा नियम स्पष्ट मांडला आणि १७९४ मध्ये क्रांतीच्या काळात त्यांचा शिरच्छेद झाला.

बॉइल यांच्यासारख्या माणसाने पात्र आधी उघडले, हे ऐकून चंचुपात्र विसळणाऱ्या मुलाला जो धीर आला तो मला दिसला.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

स्टीलचे बारीक तंतू जाळले. भांडी घासायची चकाकणारी तारेची घासणी यासाठी चालत नाही, ती पेटत नाही. रंगकामाच्या दुकानात मिळणारे मऊ, काळपट तंतू लागतात. पत्र्याच्या ताटलीत ५.०० ग्रॅम मोकळे पसरले आणि काडी लावली. ज्योत नाही, फक्त केशरी ठिणग्या तंतूंवरून धावत गेल्या. काड्या जळून राख किती कमी उरली हे पाहिलेल्या मुलांनी एकमुखाने वजन उतरेल असे सांगितले होते, कारण जळणे म्हणजे कमी होणे हे त्यांच्या डोळ्यांत ठसले होते. काटा ५.८३ वर थांबला.

आधी शांतता, मग नोंदी लिहिणाऱ्या मुलाने विचारले, ‘मॅडम, घट उणे लिहायची का?’ रकान्याचे नाव त्याच क्षणी अपुरे पडले. काडी जळताना तयार होणारे पदार्थ वायू असल्याने निघून गेले. लोखंडाचे ऑक्साइड घन असल्याने ताटलीतच राहिले, आणि हवेतून घेतलेला ऑक्सिजन तोलात आला. सगळे लोखंड काळ्या ऑक्साइडमध्ये बदलले असते तर ६.९१ ग्रॅम भरायला हवे होते. आतले तंतू न जळता राहिल्याचे ताटलीत दिसतही होते. एकाच हवेशी झालेल्या या देवघेवीत एकदा तिने नेले आणि एकदा दिले. चर्चेनंतर मुलांनी ‘घट’ खोडून त्या जागी ‘काट्याबाहेरचे’ असे लिहिले, आणि खाली तीन उपरकाने पाडले: बाहेर गेलेले, आत आलेले, हवेने उचललेले.

९ जानेवारी, गुरुवार

स्विस रसायनशास्त्रज्ञ लँडोल्ट यांचे प्रयोग वाचून दाखवले. दोन शाखांच्या बंद काचनळीत दोन द्रावणे वेगवेगळी ठेवायची, तोलायची, नळी तिरपी करून ती मिसळायची आणि पुन्हा तोलायची. १८९३ ते १९०८ अशी सुमारे पंधरा वर्षे त्यांनी हे काम केले. सुरुवातीला त्यांना सूक्ष्म फरक आढळले. अभिक्रियेच्या उष्णतेने काच किंचित फुगते आणि मूळ आकारावर यायला बराच अवधी घेते, हे त्यामागचे एक कारण त्यांना सापडले, आणि तेवढा अवधी थांबून तोलल्यावर फरक उरले नाहीत. काटा सांभाळणारी मुलगी मध्येच उभी राहिली: ‘म्हणजे त्यांच्याही काचेचा फुगा झाला होता.’

१८ जानेवारी, शनिवार

खिडकीतली बशी. २० डिसेंबरला १०.०० ग्रॅम, ३ जानेवारीला १०.६२, आज ११.३८. पूर्ण चुनखडी झाली तर १३.५१ व्हावे. बशीच्या वरच्या थराचा एक कपचा आणि डब्यात झाकून ठेवलेल्या चुन्याची एक चिमूट अशी दोन्ही वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत घेतली आणि त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकले. डब्यातला चुना निमूट विरघळला. बशीतल्या कपच्यावर फसफस झाली, आणि नळीने निवळीत सोडलेल्या वायूने ती गढुळली.

हा वायू महिनाभर वर्गातल्या हवेतून गोळा झाला होता, आणि त्या हवेत चाळीस मुलांचा श्वास होता. मुलांनी ‘आत आलेले’ या उपरकान्यात १.३८ लिहिले आणि शेजारी टीप जोडली की कपचा काढल्यामुळे यापुढच्या वजनात त्याचे ०.२१ ग्रॅम मिळवावेत. पुढचे वजन १५ फेब्रुवारीला करायचे आहे. तोवर पाणी कोणी आणि कोणत्या दिवशी शिंपडायचे, याचा तक्ता खिडकीशेजारी लावला आहे.